अमेरिकेतली कुडाची भिंत आणि तिच्यावर टांगायचं किचन कॅबिनेट

आमचं घर बॉस्टनजवळ आहे, १९२४ सालचं. तीन मजली लाकडी घर, एका मजल्यावर एक बिऱ्हाड, इकडे त्याला ट्रिपल डेकर म्हणतात. किचन बदलायला काढलं तेव्हा पहिलं वरचं कॅबिनेट एका हँडीमनकडून लावून घेतलं. अर्ध्या तासात लावून, पैसे घेऊन गेला. तीन आठवड्यांनी मी डाळींचे डबे ठेवताना वर बघते तर कॅबिनेट आणि भिंत यांच्यात पेन्सिल जाईल एवढी फट! रात्री अकरा वाजता आम्ही दोघं नवरा-बायको डबे उतरवत होतो आणि खाली स्टुलावर उशा रचून ठेवल्या होत्या, पडलंच तर आवाज तरी कमी होईल म्हणून.

उतरवल्यावर कळलं की सहापैकी एकही स्क्रू खऱ्या लाकडात नव्हता. सगळे नुसत्या प्लास्टरमध्ये आणि त्यामागच्या पातळ पट्ट्यांमध्ये अडकलेले.

तेव्हा बाबा आलेले होते चिपळूणहून. आदल्या दिवसापर्यंत त्यांचं एकच चाललं होतं, "हॅमर ड्रिल आण गं, गिट्टी ठोक, चार स्क्रू मार, कशाला एवढा घोळ?" आता त्यांनी स्क्रू निघून पडलेल्या मोठ्या भोकात टॉर्च मारला, बोट घातलं, आणि मागे वळून म्हणाले, "अगं ही तर कुडाची भिंत! कुडावर कोणी खुंटी मारतं का? मेढीत मारायची."

खरं सांगते, त्यानंतर मी यावर बरंच वाचलं, लोकांना विचारलं, दोन महिने शनिवार-रविवार स्वतः ड्रिल धरलं, पण यापेक्षा नेमकं मला कोणी सांगितलेलं नाही. ज्यांनी कोकणातलं जुनं घर बघितलंय त्यांना ही भिंत लगेच कळेल. कारवीच्या काठ्या जवळजवळ बांधायच्या, त्यावर माती-शेण लिंपायचं, झाली भिंत. पण घर तोलतो तो कूड नव्हे, घर तोलतात लाकडी खांब, म्हणजे बाबांच्या मेढी. कूड फक्त आडोसा. अमेरिकेतली लॅथ आणि प्लास्टरची भिंत म्हणजे याच घराण्यातली, फक्त करवतीवर कापून मापात बसवलेली.

आत काय असतं ते आधी सांगते कारण पुढचं सगळं त्यावर आहे. उभे लाकडी खांब असतात, त्यांना स्टड म्हणतात, आणि साधारण दर १६ इंचावर एक. त्यांच्यावर आडव्या पातळ पट्ट्या खिळ्यांनी ठोकलेल्या असतात, त्या लॅथ. एक पट्टी साधारण दीड इंच रुंद, पाव इंच जाड, चार फूट लांब, आणि दोन पट्ट्यांमध्ये पाव इंच किंवा थोडी जास्त फट सोडलेली. चार फूट म्हणजे ४८ इंच, १६ त्रिक ४८, म्हणजे पट्टीची दोन्ही टोकं बरोबर स्टडवर येतात. हा हिशोब नंतर कामाला येणार आहे.

या पट्ट्यांवर ओलं प्लास्टर थापीने दाबून मारायचे. चुन्याचं, पुढे जिप्समचं, पहिल्या थरात बऱ्याचदा जनावरांचे केस मिसळलेले, चिरा पडू नयेत म्हणून. दाबलं की थोडं प्लास्टर फटीतून मागे जातं, तिथे खाली ओघळून वाकतं आणि तसंच सुकतं. मागच्या या आकड्याला इकडे 'की' म्हणतात, चावी. या हजारो चाव्यांनीच प्लास्टर पट्ट्यांना धरून असतं, बाकी काही नाही. त्यावर दुसरा थर, मग गुळगुळीत तिसरा. प्लास्टर आणि लॅथ मिळून जाडी साधारण ७/८ इंच होते, म्हणजे जवळजवळ एक इंच, आणि त्यामागे स्टड नसेल तिथे पोकळी.

आता शंभर वर्षं ट्रक गेले, दारं आपटली, पोरं नाचली, की यातल्या काही चाव्या तुटतात. बाहेरून भिंत छान दिसते पण प्लास्टर तिथे नुसतं उभं असतं, कशाला धरलेलं नसतं. हाताच्या मुठीने हलकं ठोकून बघा, चांगल्या जागी घट्ट आवाज येतो, सुटलेल्या जागी भदभद येतो, आणि तळहाताने दाबलं तर किंचित आत जातं. अशा जागी ड्रिल मारलं तर ताटाएवढा तुकडा पायावर येतो. माझ्या आलाय. अशा ठिकाणी आधी प्लास्टर वॉशर लावायचे, भोकं-भोकं असलेल्या पातळ पत्र्याच्या चकत्या मिळतात, त्या स्क्रूने लॅथमध्ये हळूहळू आवळत नेल्या की प्लास्टर परत मागे बसतं. कॅबिनेटच्या मागे जाणार असेल तर दिसायचाही प्रश्न नाही.

एक गोष्ट सगळ्यात आधी, आणि ही कंटाळवाणी आहे पण वगळू नका. अमेरिकेत घरांसाठी शिशाचा रंग १९७८ साली बंद झाला. त्याआधीच्या घरात रंगाच्या खालच्या कुठल्यातरी थरात शिसं असण्याची शक्यता भरपूर, आणि ड्रिलची धूळ म्हणजे तेच शिसं हवेत. लहान मुलांना ते सगळ्यात वाईट. काही प्लास्टरमध्ये आणि जुन्या डागडुजीच्या मालात ॲस्बेस्टॉसही निघतं. लॅबमध्ये तुकडा तपासून मिळतो, मोठी तोडफोड करणार असाल तर तपासूनच घ्या. दोन-चार भोकं मारायची असली तरी चांगला मास्क, हेपा फिल्टरचा, म्हणजे अगदी बारीक धूळही अडवणारा, व्हॅक्युम भोकाशी धरलेला, पोरं दुसऱ्या खोलीत, आणि नंतर ओल्या फडक्याने पुसणं. झाडू नाही. आपल्याकडे पहिलं काम झाडू मारायचं, तीच सवय इथे घात करते, सगळी धूळ परत उडते.

आणि भाड्याने राहत असाल तर हा लेख माहिती म्हणून वाचा, घरमालकाच्या भिंतीत हात घालू नका, जमिनीवर उभं राहणारं उंच कपाट घ्या आणि ते पुढे कलंडणार नाही असं बांधायचं कसं ते मालकाला विचारून करा.

आता मुख्य प्रश्न, स्टड शोधायचा कसा. आजच्या घरांच्या भिंती ड्रायवॉलच्या, म्हणजे जिप्समचे मोठे तयार बोर्ड. असा बोर्ड १९१० च्या दशकातच बाजारात आला होता पण दुसऱ्या महायुद्धानंतर घरं धडाधड बांधायची होती तेव्हा खरा पसरला. इलेक्ट्रॉनिक स्टड फाइंडर या ड्रायवॉलसाठी बनवलेला असतो, तो भिंतीची घनता कुठे बदलते ते बघतो. आपल्या भिंतीत दर दीड इंचावर पट्टी आणि फट, जाडी कमीजास्त, मागे प्लास्टरचे आकडे, मग तो बिचारा वेडा होतो. आमचा तर सगळ्या भिंतीवर पीं पीं करत होता, त्याच्या मते आमच्या घरात खांबच खांब.

याला सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे लोहचुंबक. प्रत्येक लॅथ प्रत्येक स्टडवर खिळ्याने ठोकलेली असते ना? म्हणजे प्रत्येक स्टडवर वरपासून खालपर्यंत खिळ्यांची उभी रांग असणार, दर दोनेक इंचाला एक खिळा, पट्टीचा जोड असेल तिथे दोन. छोटे निओडायमियमचे चुंबक घ्या, ताकदवान असतात ते, भिंतीवरून हळूहळू आडवे फिरवत न्या, खिळा आला की हाताला ओढ लागते आणि चुंबक तिथेच चिकटून राहतो. तो तसाच ठेवा, दुसरा घ्या, त्याच्या वर-खाली शोधा. चार-पाच चुंबक एका उभ्या रेषेत आले की तो तुमचा स्टड. बाबांनी दोऱ्याला नट बांधून ओळंबा केला आणि वरच्या चुंबकाला लावून सोडला, खालचे चुंबक बरोबर दोऱ्यावर! एवढे खूष झाले की फोटो काढून आत्याला पाठवला.

पण चुंबक चिकटला म्हणजे स्टडच असं नाही. सिंकच्या मागच्या भिंतीत जुना बिडाचा पाइप असतो, त्याला तर चुंबक कचकन बसतो. कोपऱ्यांत आणि नंतर डागडुजी झालेल्या जागी लाकडी लॅथऐवजी लोखंडी जाळी असते, तिथे चुंबक कुठेही चिकटतो आणि काहीच कळत नाही. आणि १९३०-४० च्या काळातल्या बऱ्याच घरांत लाकडी पट्ट्यांऐवजी जिप्समच्या लहान पाट्या असतात, १६ इंच बाय ४८ इंचाच्या, त्यावर प्लास्टर. त्यातही खिळे स्टडवरच पण कमी आणि लांब-लांब, म्हणून शोधायला वेळ लागतो. आपली भिंत कुठल्या जातीची ते बघायचं असेल तर भिंत फोडायला नको, विजेचा ब्रेकर बंद करून एखाद्या स्विचची प्लेट काढा, डब्याच्या कडेने प्लास्टरची कापलेली कड दिसते. किंवा तळघराच्या जिन्यावर, माळ्यावर, जिथे मागची बाजू उघडी असते तिथे जाऊन बघा. आमच्या माळ्यावर त्या चाव्या अशा ओळीने लोंबताना दिसतात की सुकत घातलेल्या सांडग्यांची आठवण येते.

मग बाकीच्या खुणांशी पडताळा. खिडकीच्या दोन्ही बाजूंना स्टड असतोच, बऱ्याचदा जोडीने. स्विचचा डबा सहसा एका बाजूने स्टडला लावलेला असतो. सापडलेल्या स्टडपासून १६ इंच मोजा, पुढचा तिथे यायला हवा. यायला हवा म्हणते कारण जुने सुतार हाताशी असेल ते लाकूड वापरत, आमच्या एका भिंतीत १६, १६, साडेचौदा आणि मग एकदम १९ असं माप निघालं. टेपवर विश्वास ठेवून भोक मारलं असतं तर पुन्हा पोकळीत.

शेवटची खात्री भोकानेच होते. कॅबिनेटमागे झाकली जाईल अशा जागी १/८ इंचाच्या बिटने बारीक भोक मारा आणि काय बाहेर येतंय ते बघा. आधी पांढरी-करडी पूड येईल, ते प्लास्टर. मग थोडासा लाकडाचा भुसा, ती लॅथ. त्यानंतर बिट धपकन आत गेलं तर पोकळी. आणि भुसा येतच राहिला, हाताला जोर लावावा लागतोय, तर स्टड. जुन्या घरातलं लाकूड कडक असतं, सावकाश वाढलेल्या जंगली झाडांचं, त्याचा भुसासुद्धा कधीकधी राळेच्या वासाचा येतो, तो वास आला की मला आता बरं वाटतं. मग अर्धा-अर्धा इंच डावीउजवीकडे अजून एक-दोन भोकं मारून स्टडच्या दोन्ही कडा शोधा आणि मधोमध पेन्सिलने रेघ मारा. रेघ वरपासून खालपर्यंत मारा, कारण कॅबिनेट लावताना भोकं झाकली जातात आणि मग वरच्या रेघेवरूनच अंदाज घ्यायचा असतो.

भोक मारताना हॅमर मोड बंद. हे बाबांसाठी आणि भारतातून आलेल्या समस्त बाबांसाठी. हॅमर ड्रिल विटा-काँक्रीटसाठी. इथे ते धडधडलं की मागच्या पट्ट्या तारेसारख्या थरथरतात आणि आजूबाजूच्या चाव्या तुटतात, भोक एक आणि सुटलेलं प्लास्टर दोन फुटांचं. खिळा ठोकायचा नाही तोही याच कारणाने. साधं फिरणारं ड्रिल, प्लास्टरपुरतं दगडात चालणारं बिट कारण प्लास्टर लाकडाच्या बिटची धार मिनिटात घालवतं, आणि लाकूड लागलं की लाकडाचं बिट.

एवढा स्टड स्टड का करतेय ते थोडं वजनाच्या हिशोबात सांगते, कारण हँडीमनचं म्हणणं होतं की "पट्ट्याही लाकडाच्याच आहेत, धरतील." समजा कॅबिनेट आणि आतलं सामान मिळून ६० किलो. आपल्या घरात हे सहज होतं हं, इथले लोक काचेचे ग्लास ठेवतात, आपण स्टीलचे डबे, पाच लिटरचा कुकर, मिक्सरची भांडी, आणि आई येऊन गेली की वर्षाचं तिखट. हे ६० किलो दोन प्रकारे काम करतात. एक सरळ खाली ओढतात, ते सगळे ६० किलो स्क्रूंना आडवे कापायला बघतात. दुसरं, वजन भिंतीपासून पुढे असल्यामुळे कॅबिनेट पुढे कलंडायला बघतं, म्हणजे खालची कड भिंतीत दाबली जाते आणि वरचे स्क्रू बाहेर ओढले जातात. साधं वरचं कॅबिनेट १२ इंच खोल, म्हणजे वजनाचा मध्य भिंतीपासून ६ इंचावर, आणि वरचे स्क्रू खालच्या कडेपासून २८ इंचावर धरा. ओढ किती? ६० गुणिले ६ भागिले २८, सुमारे १३ किलो. फार नाही. पण फ्रिजच्या वर जे बसकं कॅबिनेट असतं, २४ इंच खोल आणि उंची जेमतेम १५ इंच, त्याला तेच ६० किलो भरलं तर ६० गुणिले १२ भागिले १४, म्हणजे ५१ किलोची ओढ! तेच वजन, चौपट ओढ. म्हणून फ्रिजवरच्या कॅबिनेटमध्ये लोक सगळ्यात जड, कधी न लागणारं सामान कोंबतात तेव्हा मला धडकी भरते. त्याला नुसत्या मागच्या भिंतीवर सोडू नका, बाजूच्या कॅबिनेटला किंवा उभ्या पॅनेलला जोडा.

आता पाव इंच जाडीची, शंभर वर्षं सुकलेली पट्टी. त्यात स्क्रूचे जेमतेम दोन-तीन आटे बसतात, आणि तिला दोन्ही बाजूंना फट असल्यामुळे स्क्रू कडेला लागला तर ती रेषेत चिरते. आणि स्क्रू दोन पट्ट्यांमधल्या फटीत गेला असेल तर तो नुसत्या प्लास्टरच्या आकड्यात. त्यात रोज दार उघडा-बंद करण्याचे हेलकावे. आमचं तीन आठवडे टिकलं हेच जास्त.

स्क्रू कुठला घ्यायचा यावर दुकानात सगळ्यात जास्त गोंधळ होतो. काळे ड्रायवॉल स्क्रू घेऊ नका, कितीही स्वस्त असले तरी. ते कडक केलेल्या पोलादाचे, म्हणजे ठिसूळ, वाकत नाहीत, एकदम तुटतात, आणि तेही आधी काहीही न सांगता. कॅबिनेटसाठी वेगळे स्क्रू मिळतात, रुंद चपट्या डोक्याचे, ८ किंवा १० नंबरचे. १० नंबर घ्या. लांबी मोजून: कॅबिनेटच्या पाठीला वर आणि खाली जी लाकडी पट्टी असते ती पाऊण इंच, प्लास्टर-लॅथ ७/८ इंच, झाले १ ५/८, आणि स्टडमध्ये किमान सव्वा ते दीड इंच जायला हवं. म्हणजे ३ इंची स्क्रू. ड्रायवॉलच्या घरासाठी सांगितलेला अडीच इंची इथे पुरत नाही, तिथे मागचा थर अर्ध्या इंचाचा असतो आणि आपला त्याच्या जवळजवळ दुप्पट. पण म्हणून चार-पाच इंचीही मारू नका, स्टडमधून आरपार वायर गेलेली असते, जुन्या घरात तर चिनी मातीच्या नळ्यांमधून नेलेली जुन्या पद्धतीची वायरिंगही अजून चालू सापडते.

आणि तो जवळजवळ इंचभर थर मध्ये असल्याचा अजून एक परिणाम असतो जो कोणी सांगत नाही. स्क्रू कॅबिनेटमधून निघतो आणि स्टडमध्ये शिरतो, त्यामधला तुकडा लाकडात घट्ट धरलेला नसतो, प्लास्टर त्याला फारसा आधार देत नाही, चुरतं. म्हणजे तेवढ्या तुकड्यात स्क्रू वाकू शकतो. यावर उपाय म्हणजे कॅबिनेट भिंतीला असं आवळलेलं असावं की त्यांच्यातल्या घर्षणानेच बरंचसं वजन धरलं जाईल, आणि भिंत-कॅबिनेटमध्ये जिथे फट असेल तिथे पाचर भरलेली असावी. प्लास्टरमधलं भोक स्क्रूपेक्षा किंचित मोठं ठेवायचं म्हणजे आटे प्लास्टर फोडत नाहीत, स्टडमधलं १/८ इंची, कारण त्या कडक लाकडात भोक न मारता स्क्रू घातला तर डोकंच तुटून येतं.

पाचर लागतेच लागते. हाताने थापलेली भिंत सपाट नसते. सहा फुटी सरळ पट्टी आमच्या भिंतीवर धरली तर मध्ये अर्धा इंच पोट निघालं. पाचर न घालता स्क्रू आवळला की कॅबिनेट भिंतीच्या आकाराला पिळतं, मग दारं एकमेकांना घासतात आणि लोक बिजागऱ्यांना दोष देतात. देवदारासारख्या हलक्या लाकडाच्या पाचरींचा गठ्ठा मिळतो, त्या बरोबर स्टडच्या रेघेवर, स्क्रूच्या जागी सरकवायच्या आणि स्क्रू त्यांच्यातूनच न्यायचा म्हणजे घसरत नाहीत.

लावायची रीत तशी सोपी आहे. जमिनीचा सगळ्यात उंच बिंदू शोधायचा, जुन्या घराची जमीनही उताराचीच, तिथून ५४ इंचावर पाणसळ लावून आडवी रेघ. ओटा ३६ इंच आणि मध्ये १८ इंच मोकळे, असा तो हिशोब. रेघेच्या खाली एक सरळ लाकडी पट्टी स्टडमध्ये तात्पुरती स्क्रू करायची, कॅबिनेट तिच्यावर टेकवायचं, म्हणजे हातात धरून ठेवायला लागत नाही. दारं आणि फळ्या आधी काढून ठेवा, बरंच वजन तिथेच कमी होतं. कोपऱ्यापासून सुरुवात. प्रत्येक स्टडवर कॅबिनेटच्या वरच्या पट्टीतून एक आणि खालच्या पट्टीतून एक स्क्रू, आधी सैल, मग शेजारचं कॅबिनेट लावून दोघांच्या पुढच्या कडा क्लॅम्पने धरून एकमेकांना स्क्रू करायच्या, आणि सगळी ओळ सरळ दिसली की शेवटी आवळायचं.

मग येतो तो नेहमीचा प्रश्न, कॅबिनेट १२ इंच रुंद आणि त्याच्या मागे एकही स्टड नाही किंवा एकच, तर काय? इथे दुकानदार टॉगल बोल्ट देतात, भिंतीमागे पंख उघडणारे. पाकिटावर मोठे आकडे लिहिलेले असतात पण ते धड भिंतीसाठी, तुमच्या प्लास्टरच्या किती चाव्या शाबूत आहेत हे पाकिटाला माहीत नाही. दोन पक्क्या कॅबिनेटच्या मध्ये सापडलेल्या छोट्याला जास्तीचा आधार म्हणून टॉगल लावा, वजन मात्र शेजाऱ्यांवर, दोन्ही बाजूंनी जोडून. एकट्याला टॉगलवर टांगू नका.

दुसरा मार्ग लोखंडी रेलचा. भिंतीवर एक लांब रेल, ती प्रत्येक स्टडवर पक्की, आणि कॅबिनेट तिच्यावर आकड्यांनी अडकतात, हवं तिथे सरकवता येतात. आयकियाची अशीच पद्धत आहे. जुन्या भिंतीला ही मला आवडते कारण स्टड कुठेही असले तरी चालतं, फक्त रेलच्या मागे जिथे भिंत आत गेलीय तिथे पाचर भरायला विसरायचं नाही.

पण आम्ही शेवटी केला तो तिसरा मार्ग, आणि मला विचाराल तर ज्याला भिंत कुठेतरी उघडायचीच आहे त्याने हाच करावा. कॅबिनेटच्या वरच्या आणि खालच्या पट्टीमागे भिंतीत सहा-सहा इंचाची आडवी पट्टी कापून काढली, प्लास्टर आणि लॅथ दोन्ही, आणि त्या जागी पाऊण इंची प्लायवूड प्रत्येक स्टडला दोन-दोन स्क्रूने मारलं. जाडी जवळजवळ तेवढीच, त्यामुळे भिंतीला समपातळीत. आता कॅबिनेटचा स्क्रू कुठेही मारा, मागे लाकूड आहेच, आणि स्टडची रेघ प्लायवर मारून ठेवली की शक्य तिथे त्यातही जातो. कापताना ब्रेकर बंद, टेस्टरने खात्री, आधी सुरीने प्लास्टरवर खोल रेघ, मग थरथरणाऱ्या पात्याचं मल्टिटूल हळूहळू. मागे-पुढे धावणारी मोठी करवत वापरू नका, ती पट्टीला धरून हलवते आणि वरचं प्लास्टर सुटतं. पट्टी स्टडच्या मधोमध कापायची म्हणजे उरलेल्या टोकाला बसायला जागा राहते. आणि भोक उघडं असताना खिशातलं काही पडू देऊ नका, जुन्या घरांत बऱ्याचदा स्टडमधली पोकळी थेट तळघरापर्यंत जाते, आमचा एक १/८ चा बिट अजून तिकडेच आहे.

फिलाडेल्फिया, बाल्टिमोरकडे रो हाउसमध्ये राहणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. तिथे दोन घरांच्या मधली भिंत बरेचदा विटांची असते आणि प्लास्टर थेट विटांवर. ठोकलं तर कुठेच पोकळ आवाज नाही, भोकातून लाल पूड येते. तिथे स्टड शोधत बसू नका, नाहीच आहे. तिथे मात्र बाबांचं ऐकायचं, हॅमर ड्रिल, विटेत नीट गेलेला अँकर, सांध्यातल्या मऊ चुन्यात नाही तर विटेच्या पोटात.

सगळं लावून झाल्यावर बाबांनी कॅबिनेटच्या वरच्या कडेला चिकटून भिंतीवर पेन्सिलने बारीक रेघ मारली आणि तारीख टाकली. रिकामं असताना नाही, सगळे डबे भरल्यावर. कॅबिनेट खाली सरकलं तर रेघ आणि कड यांच्यात अंतर दिसणार, पुढे कललं तर मागे फट दिसणार, लगेच सामान उतरवायचं. पहिले दोन आठवडे मी रोज स्टुलावर चढून बघत होते. आता बाबा फोनवर आधी नातवाची चौकशी करतात आणि मग विचारतात, "रेघ आहे ना जागेवर?"

आहे. फ्रिजवरच्या कॅबिनेटमध्ये मी फक्त रिकाम्या पिशव्या ठेवते.